बांगडीचा फोटो

"जीव कोण हाय का वो फ्रेममध्ये?"

कॅमेऱ्यामागून हा प्रश्न आला की आम्ही जिथं असू तिथून मागे सरकायला लागायचो. प्रश्न आधी मराठीत यायचा, कारण आसपास मराठी कळणारी मी असायची. लगेच हिंदीत, "कोई जान है क्या फ्रेम में?" आणि तरीही कोणी रेंगाळलंच तर उजव्या हाताचा पंजा अंगणातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा झटकत, "यल्ला, यल्ला!" मग समोर वाळू, लालसर डोंगर आणि मधोमध उभं केलेलं ते अवाढव्य काम एवढंच उरायचं. फोटोवाले भाई श्वास रोखून बटण दाबायचे.

त्यांचं नाव सांगत नाही. ज्या माणसानं सरकारी कागदांखेरीज स्वतःचा फोटो कधी कोणाला काढू दिला नाही, त्याचं नाव छापायला माझं मन धजत नाही. सगळे त्यांना फोटोवाले भाई म्हणत, मी नुसतं भाई म्हणे. ते मला डॉक्टरबाय म्हणत. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला समुद्रकाठचं त्यांचं गाव. मी सांगलीची. गावी असतो तर आमची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. ती पडली सौदीत, तबूकच्या दक्षिणेला, जिथं चहूकडे वाळू आणि वाळूत उगवलेले डोंगर.

मी तबूकच्या एका खाजगी इस्पितळात डॉक्टर आहे. थंडीच्या दिवसांत त्या बाजूच्या एका खोऱ्यात मोठमोठ्या कलाकृती उभ्या राहतात. जगभरातून कलाकार येतात आणि आपल्या मनात असेल ते वाळूत मांडतात. एकानं वाऱ्यात वाजणारे नळ रोवले होते. एकानं दोन कड्यांच्या मधे मैलभर कापड ताणलं होतं. ते मी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "एवढं धुणं कोणाचं गं?" हे सगळं उभं करायला शेकडो कामगार लागतात, आणि कामगार म्हटल्यावर डॉक्टर लागतो. एका कंटेनरमध्ये दवाखाना थाटला होता. तिथली पाळी आमच्या इस्पितळाकडे होती, आणि ती माझ्या गळ्यात पडली होती.

उन्हाळा आला की सगळं उतरवून टाकतात. वाळूवर काही म्हणजे काही राहत नाही. राहतात ते फोटो. त्यामुळे त्या खोऱ्यात कलाकाराच्या खालोखाल कोणाचा मान असेल तर तो भाईंचा. हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते त्याचा पुरेपूर फायदा घेत.

त्या वर्षी सगळ्यांत मोठं काम होतं एका परदेशी बाईंचं. चकचकीत पोलादाचं एक प्रचंड कडं, वाळूवर आडवं ठेवलेलं. दोन मजली घराएवढी त्याची भिंत. बाहेरून आरशासारखं लखलखीत, त्यात चारी बाजूंचे डोंगर दिसायचे, त्यामुळे लांबून बघितलं तर कडं कुठं आहे तेच कळेना. आतल्या बाजूला नुसती वाळू आणि वर गोल आभाळ. त्या बाईंनी त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं. कामगार त्याला चूडी म्हणत, आणि मी नि भाई बांगडी.

आरशाचा फोटो काढायचा म्हणजे काढणारा त्यात दिसणार. भाईंनी त्यावरही तोड काढली होती. वाळूच्या रंगाची एक मोठी चादर त्यांनी शिवून घेतली होती. ती डोक्यावरून पायापर्यंत पांघरून ते कॅमेऱ्यासकट आत बसायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, एक ढेकूळ पडलंय. त्या ढेकळातून आवाज यायचा, "कोई जान है क्या?" एकदा एक नवा पाकिस्तानी ड्रायव्हर त्या आवाजानं इतका दचकला की हातातला चहा सांडून बसला.

एका सकाळी तीन उंट आले आणि बांगडीसमोर उभे राहून स्वतःकडेच बघायला लागले. त्या कलाकार बाई आनंदानं नाचायच्या बाकी होत्या. "टेक इट, टेक इट!" भाईंनी कॅमेऱ्यावर टोपण बसवलं आणि मांडी घालून खाली बसले.

"मॅडम, कॅमल गो, फोटो यस."

बाईंनी शेवटी आपल्या मोबाइलवर फोटो काढला. तो बघून भाईंनी मनापासून दाद दिली, ती बाईंना इंग्रजीत मला सांगावी लागली. "फस्क्लास आलाय. पण तो उंटांचा फोटो झाला वो. त्यात तुमच्या बांगडीचं काय काम नाय."

हे सगळं भरवणाऱ्या कंपनीला भाईंचा हा हट्ट फार आवडायचा. त्यांनाही फोटो रिकामेच हवे असत. कलाकृती जणू आपोआप वाळूतून उगवली असं दिसायला हवं. क्रेन नको, पाण्याचे पिंप नकोत, माणूस तर नकोच. भाई संध्याकाळी लॅपटॉप उघडून प्रत्येक फोटो मोठा करून तपासत. कोपऱ्यात एखादा काळा ठिपका दिसला आणि तो पक्षी निघाला तरी पुसून टाकत. "कावळा तरी राहू द्या, भाई," मी एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी रुग्णाला दुप्पट डोस लिहून दिला होता.

मलाही आधी वाटायचं, हा फॅशनचा भाग आहे. एकदा माझे मिस्टर आणि मुलगा सुट्टीला तिथं आले. मी भाईंना म्हटलं, आमचा तिघांचा एक फोटो काढा. भाई अवघडले. मग म्हणाले, "काढूया ना. का नाय." त्यांनी स्टँड लावला, उजेड पाहिला, आम्हाला उभं केलं, माझ्या मुलाची कॉलर नीट करायला सांगितली, सगळं जुळवलं. आणि मग तिथून जाणाऱ्या एका नेपाळी सुताराला बोलावून म्हणाले, "बटन तू दबा."

"हे काय, भाई?"

"फोटो त्यानं काढलान. मी नुसती मदत केली." आणि हसले. हसताना मान खाली घालायची त्यांची सवय होती.

त्या दिवशी काळा चहा पिताना त्यांनी कारण सांगितलं.

त्यांचे वडील, ते त्यांना बावा म्हणत, तरुणपणी जहाजावर होते. मग गावी परतले आणि मशिदीत अजान द्यायला लागले. भाईंनी गावात फोटो स्टुडिओ काढला. लग्नाचे अल्बम, बारशाचे व्हिडिओ, पंचक्रोशीत नाव झालं. बावांना ते पटेना. जिवंत माणसाची तसबीर काढू नये, त्यात आपण प्राण घालू शकत नाही, मग तसा आकार करायचा कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. ते भांडले नाहीत. त्यांनी भाईंच्या कमाईचं जेवण बंद केलं. ताट वाढलं की उठून थोरल्या मुलाच्या घरी जात आणि तिथं जेवत.

"मारला असता तरी चाललं असतं वो," भाई म्हणाले. "रोज दुपारी बावा अंगण ओलांडून पलीकडं जायचे. मी खिडकीतून बघायचा."

नंतर भाई सौदीत आले. पहिली काही वर्षं मदिन्यात, हॉटेलांच्या रांगेतल्या एका स्टुडिओत, पासपोर्टचे फोटो काढत. बावा फोनवर एकदाच म्हणाले, "मदिन्यात राहून तेच?" भाईंनी ती नोकरी सोडली. मग इमारतींचे फोटो, पुलांचे फोटो, आणि तिथून या वाळवंटात. पुतण्यानं इथले फोटो बावांना मोबाइलवर दाखवले. बावांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाचे फोटो नीट न्याहाळले. बराच वेळ पाहून म्हणाले, "डोंगर अल्लानं केला. हे भांड्यासारखं काय ते दुसऱ्यानं केलान. तू काय केलंस ह्यात?" पण त्या महिन्यापासून ते भाईंच्या घरी जेवायला लागले.

त्या खोऱ्यात भाईंपेक्षा नमाजी माणसं पुष्कळ होती आणि त्यांच्या फोनमध्ये बायकापोरांचे फोटो भरलेले होते. आमचा इजिप्तचा सेफ्टी मॅनेजर भाईंना चिडवायचा, की तुझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, तुझंच थोबाड आहे, त्याचं काय? भाई म्हणायचे, "इकाम्यावरचा सरकारनं मागितलान. हे माझ्या बावानं मागितलेलं." त्यांना कोणाशी वाद घालायचा नव्हता. त्यांना फक्त म्हाताऱ्यानं अंगण ओलांडू नये असं वाटत होतं. मला ते समजलं, आणि त्यानंतर मी कावळ्याची चेष्टा केली नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर हे एका मजेशीर माणसाचं चित्र झालं असतं. तसं झालं नाही.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. बांगडीवर धुळीचा थर बसला होता आणि संध्याकाळच्या उन्हात तिचा मुख्य फोटो व्हायचा होता. फोटोच्या आधी बांगडी पुसण्याचं काम रामसुमेर नावाचा एक कामगार करायचा. गोरखपूरकडचा, तिशीतला, पोटदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात यायचा आणि गोळीपेक्षा गप्पांनी बरा व्हायचा. बांगडीच्या वरच्या कडेवर उभं राहून लांब दांड्याच्या फडक्यानं तो खालपर्यंत पुसत यायचा. आतल्या बाजूनं कडेलगत एक पाइप बसवला होता, त्याला खांद्या-कमरेच्या पट्ट्याचा दोर हुकानं अडकवायचा. त्या पट्ट्याला तिथं सगळे बेल्ट म्हणत.

मी तेव्हा दवाखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ऊन उतरत आलं आणि भाई टेकाडावरून खाली येताना दिसले. चादर खांद्यावर, कॅमेरा छातीशी. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"मिळाला, डॉक्टरबाय! आयुष्यात एकदा मिळतो असा. बघा, बघा."

त्यांनी कॅमेरा माझ्यासमोर धरला. खरोखरच सुंदर होता. बांगडी पेटल्यासारखी दिसत होती, डोंगर तिच्यातून आरपार गेल्यासारखे, वाळूवर एक पाऊल नाही. चिटपाखरू नाही. मी वाहवा म्हणतेय तोवर बांगडीकडून माणसांचा ओरडा ऐकू आला.

संध्याकाळच्या बससाठी माणसं मोजली होती, त्यात रामसुमेर नव्हता, म्हणून शोधायला गेले होते. तो बांगडीच्या आत पडलेला सापडला. जनरेटर आणि वारा यांच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेलं नव्हतं. त्याला माझ्यापुढे आणलं तेव्हा तो शुद्धीत होता, पण पाय हलत नव्हते. "डॉक्टर साहिबा, पैर कहाँ हैं हमारे?" असं तो विचारत होता. मी त्याची मान आणि पाठ आवळून बांधली, सलाइन लावलं, आणि अँब्युलन्समध्ये त्याच्याशेजारी बसून तबूकपर्यंत गेले. कण्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या सुपरवायझरनं लिहून दिलं, की रामसुमेर कोणाला न सांगता, बेल्ट न लावता वर चढला. म्हणजे चूक त्याचीच. रामसुमेरच्या डोक्याला मार लागला होता, त्याला त्या दिवसातलं सकाळच्या चहानंतरचं काही आठवत नव्हतं. त्याच्या जोडीदाराला दुसऱ्या कामावर पाठवलं होतं, तो म्हणाला, मी पाहिलं नाही. माझ्याकडे आणला तेव्हा अंगावर बेल्ट नव्हता, हे खरं. उचलताना कोणी काढला असेल तर मला कसं कळणार? पट्ट्यांचे वळही उठलेले नव्हते. पाइप सकाळी जागेवर होता, पण रात्रीत कोणी परत बसवला नसेल कशावरून? पाइपच उखडून आला असेल तर दोर ताणला जाणार नाही आणि वळ उठणार नाहीत, असं मी माझ्या अहवालात लिहिलं. पण तो माझा तर्क, डोळ्यांनी पाहिलेलं नव्हे. चूक त्याची ठरली तर कण्याचा चुराडा झालेला तो माणूस बेपर्वा म्हणून घरी जाणार होता, आणि पुढच्या उपचारांचं कोणीही बघणार नव्हतं.

त्याच सकाळी भाई दवाखान्यात आले. दार लावून घेतलं. रात्रभर न झोपलेला माणूस डॉक्टरला लगेच ओळखू येतो.

"बेल्ट होता, बाय."

"तुम्ही पाहिलात?"

"लांबच्या लेन्समधून बघितला. नारिंगी पट्टा, खांद्यावर दोनी बाजूंनी. हुक पाइपला. उजेड बघायला मी चार-पाच फोटो मारले, त्यात तो होता."

मी उभीच राहिले. "मग काय हवंय, भाई! फोटो द्या."

त्यांनी मान हलवली. मला आधी कळेचना. मग कळलं. ते फोटो त्यांनी तिथल्या तिथं पुसले होते. जिवंत माणूस आलेला फोटो ते कार्डावर एक संध्याकाळसुद्धा ठेवत नसत. पुसून त्यांनी वॉकीटॉकीवर सांगितलं होतं, "ऊपरवाले को उतारो," आणि सुपरवायझरनं उत्तर दिलं होतं, "उतर रहा है." भाई लेन्स बदलायला खाली वाकले. मान वर केली तर बांगडीवर कोणी नव्हतं.

"मी बोललो, अल्हमदुलिल्ला. गेला एकदाचा. फ्रेम खाली झाली." ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. "नि मी फोटो मारत बसलो, बाय. ऊन जाईपर्यंत. तो आत पडलेला, नि मी मारत बसलो."

काल त्यांनी मला दाखवलेला तो फोटो माझ्या डोळ्यांपुढे आला.  मी वाहवा म्हटलं होतं.

पुसलेले फोटो परत मिळतात हे मला ऐकून माहीत होतं. मी भाईंना गाडीत घालून तबूकला नेलं. मोबाइल दुरुस्तीच्या गल्लीत एक येमेनी पोरगा असली कामं करायचा. त्यानं दुपारभर खटपट केली. शेवटी मॉनिटर आमच्याकडे वळवून म्हणाला, "खलास." ज्या जागेवरचे फोटो पुसले होते, त्याच जागेवर नंतरचे बसले होते. भाईंनी त्या उन्हात इतके फोटो काढले होते, की रामसुमेरची जागा सगळी भरून गेली होती. दुकानातून बाहेर आल्यावर भाई पदपथावर बसले. त्यांना उठवायला मला कष्ट पडले.

कंपनीनं चौकशी नेमली होती, तिच्यापुढे साक्ष द्यायची की नाही यावर ते दोन-तीन दिवस घुटमळत होते. तुम्ही आम्ही घुटमळलो नसतो का? करार कंपनीचा, कफील म्हणजे व्हिसाचा जामीनदार तोही कंपनीच, आणि बोलायचं कंपनीच्या ठेकेदाराविरुद्ध. ते मला म्हणाले, "मी गप रायलो तर कोण काय बोलणार नाय." मी म्हटलं, नाही, कोणी काही बोलणार नाही. यापेक्षा जास्त मी काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच चौकशीवाल्यांना निरोप पाठवला.

मलाही अहवालासाठी बोलावलं होतं, म्हणून मी तिथं होते. भाई इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. लेन्समधून काय दिसलं ते त्यांनी हिंदीत सांगितलं, इजिप्तचा मॅनेजर अरबीत सांगत गेला. पट्ट्याचा रंग, हुक, पाइप, वॉकीटॉकीवरचं बोलणं, सगळं. ते बोलणं झालंच नाही, असं सुपरवायझर आधीच सांगून गेला होता. मग प्रश्न आला.

"तू फोटोग्राफर आहेस. फोटो कुठं आहेत?"

"पुसले."

"का?"

भाईंनी खरं तेच सांगितलं. "मेरे वालिद के लिए."

मॅनेजर थबकला. त्यानं पुन्हा विचारलं. भाईंनी पुन्हा तेच सांगितलं, आणि मग बावांचं सगळं सांगायला लागले, अंगण, ताट, मदिना. मॅनेजर मधेच थांबला, त्याला हे अरबीत कसं मांडावं ते सुचेना, की मांडावंसं वाटेना, कोण जाणे. समोरची माणसं एकमेकांकडे बघत होती. वाईट नव्हती ती माणसं. पण साक्षीदार फोटोग्राफर, आणि नेमके तेच फोटो त्यानं पुसलेले, आणि कारण गावातला म्हातारा बाप. एकजण अगदी सौम्यपणे म्हणाला, "कदाचित फोटोत बेल्ट नव्हता, म्हणून पुसले असतील?"

 भाईंना अपमान वाटला असावा, पण चेहऱ्यावर अपमान नव्हता. कोणी आपल्याला असं का म्हणू नये, असाच काहीतरी भाव होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

निकाल लागला तो ना धड इकडे ना तिकडे. बेल्ट होता की नव्हता हे ठरवता येत नाही, असं लिहिलं गेलं. रामसुमेरला कंपनीनं विमानात स्ट्रेचरवर घालून घरी पाठवलं. सगळा दोष त्याच्या माथी बसला नाही, एवढंच भाईंच्या साक्षीनं झालं. पण तो निर्दोषही ठरला नाही, आणि पुढचे उपचार अर्ध्यावर लटकले. त्याच्या बायकोनं कोणाकोणाचे उंबरे झिजवले ते तिलाच माहीत. निघताना त्यानं मला विचारलं, "हम बेल्ट लगाए थे न, डॉक्टर साहिबा?" मी म्हटलं, हो, लावला होता. फोटोवाल्या भाईंनी पाहिलाय. त्याला बरं वाटलं.

आणि मग तो फोटो बाहेर आला.

भाईंनी कंपनीला हात जोडले होते, की दुसरा कुठलाही निवडा, हा नको. पण त्यांच्याकडे त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, हेही खरंच होतं. बांगडीचा तो फोटो रस्त्यांवरच्या फलकांवर लागला, विमानतळावर लागला, मासिकांत छापून आला. लोक भाईंचं अभिनंदन करायचे. भाई मान खाली घालायचे, लोकांना तो विनय वाटायचा. माझ्या इस्पितळाच्या रस्त्यावरही एक फलक होता. मी रोज त्याखालून जात असे, आणि दर वेळी माझी नजर बांगडीच्या आत, जिथं काहीच दिसत नाही तिथं जायची.

भाई त्यानंतरही काम करत राहिले, पण प्रश्न विचारायचे थांबले. फ्रेममध्ये कोणी आलं तर आलं. फोटो काढायचे आणि कार्ड कंपनीला देऊन टाकायचे, स्वतः बघायचेसुद्धा नाहीत. कंपनीनं कुरकुर केली. करार संपला तो पुन्हा झाला नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि भाईंनी विचारलं नाही.

जायच्या आधी ते घरी जेवायला आले होते. माझ्या मुलानं त्यांना इंग्रजीत विचारलं, की तुमचा सगळ्यांत आवडता फोटो कुठला? भाईंनी घास ताटात ठेवला. मग माझ्याकडे बघून मराठीत बोलले. परवा घरी व्हिडिओ कॉल केला होता. बावांच्या मागं भिंतीवर काहीतरी चमकलं. पुतण्यानं तो फोटो नेटवरून घेऊन रत्नागिरीहून मोठा करून आणला होता. काचेची फ्रेम करून पडवीत लावला होता. बावांनीच लावायला सांगितला होता.

"आमच्या घरात भिंतीवर फोटो कधी नव्हता, बाय. आयचा नाय, कोणाचा नाय. हा पयला. बावा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. बोलतात, माझ्या मुलानं काढलान, नि ह्यात कोण जीव नाय."

मी विचारलं, "सांगणार आहात त्यांना?"

"कसा सांगू?"

 मी त्यांच्या पानात आमटी वाढली. त्यांनी ती संपवली नाही.

विमानतळावर मी सोडायला गेले. फायनल एक्झिट, म्हणजे इकामा रद्द, परत येणं नाही. आत जायच्या दाराजवळच तो फलक होता, भिंतभर. भाईंनी बॅग उचलली आणि फलकाकडे पाठ करून, कडेकडेनं चालत आत गेले. इतकी वर्षं इथं काढून मी पुष्कळांना निरोप दिलाय. त्या दिवशी गाडीत येऊन बसल्यावर मात्र मला रडू आवरलं नाही.

बरेच महिने त्यांचा फोन नव्हता. मी केला तर लागायचा नाही, लागला तर "बरा हाय, बरा हाय" एवढंच. बांगडीसुद्धा एव्हाना उतरवून नेली होती. मग एका शुक्रवारी दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज दबका होता.

"सांगितला बावाला. आत्ताच."

"सगळं?"

"सगळा. तो आत पडलेला, नि मी मारत बसलो, सगळा."

"काय म्हणाले?"

"काय नाय. चहा पीत होते, कप खाली ठेवलानी. मला वाटला, आता उठून थोरल्याकडं जातील. उठले. मी हात दिला, तो घेतला नाय. भिंतीपाशी गेले. चष्मा वर केलानी, नि बांगडीवर बोट ठेवून मला विचारलानी, हितं?"

मी फोन कानाला घट्ट धरला.

"मी बोललो, नाय बावा. आत. जरा डावीकडं. तर त्यांनी बोट डावीकडं नेलानी. अजून तसेच उभे हायत, बाय. मला त्याचं नाव विचारलानी. मी सांगितला."

पुढं भाईंना बोलवेना.  फोन चालूच होता. पलीकडून, पडवीतून, एक म्हातारा आवाज येत होता. अजान देऊन देऊन खरखरीत झालेला. सवय नसलेलं ते नाव तो सावकाश, तोडून तोडून, पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. राम. सुमेर. रामसुमेर.